बस्त्याला ओळख दाखवू नये

॥ श्री ॥
नगर, ता. २२ फेब्रुवारी १९७१

ती. स्व. सौ. मनकर्णाआक्काच्या चरणी धाकट्या गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

इकडे मी, साळू आणि दोन्ही पोरं खुशाल आहोत. तिकडची खुशाली आणि चांगुणेच्या सोयरिकीचं कुठवर आलं ते कळव. आम्ही खुशाल म्हणजे अंगानं खुशाल. नोकरीची प्रकृती मात्र बरी नाही.

काल दुपारी दुकानात एक बाई आल्या. गळ्यात बोरमाळ, बरोबर दोन नणंदा. मी गादीवर पातळं उलगडायला बसलो. हिरवं नको, हिरव्यासारखं पाहिजे. काठ मोठा नको, पण दिसला पाहिजे. तासाभरात साठ पातळं उलगडली आणि त्या ढिगापलीकडं मी दिसेनासा झालो. तेव्हा बाई नाक मुरडून म्हणाल्या की दुकान एवढं मोठं, पण माल नाही आणि दाखवणाऱ्याला अक्कलही नाही. अक्कल काढली तिथवर मी गप्प होतो, आक्का, विश्वास ठेव. पण मग म्हणाल्या की चांगला माल मी मुद्दाम मागं दडवलाय. मी म्हणालो की बाई, आता शेठच्या वडिलांच्या तसबिरीचा हार तेवढा दाखवायचा राहिलाय, काढू का? नणंदा फिस्सकन हसल्या, बाई तरातरा निघून गेल्या.

राधाकृष्णशेठ माणूस वाईट नाही. संध्याकाळी जवळ बसवून म्हणाले की गिऱ्हाईक बोलतं ते दुकानाला, तू मध्ये पडून अंगावर का घेतोस? याआधी धोतर आखूड म्हणणाऱ्या पाहुण्याला मी म्हणालो होतो की धोतर बरोबर आहे, जेवण जास्त झालंय. एका मास्तरांनी मीटरपट्टी दोनदा तपासली, त्यांनाही काही बोललो होतो, ते लिहीत नाही. म्हणजे ही तिसरी वेळ. चौथ्यांदा गिऱ्हाइकाला उलटून बोललास तर दुसऱ्या दिवशी येऊ नकोस, असं शेठनी स्वच्छ सांगितलं.

दाजींच्या शब्दावर ही नोकरी मिळाली. पोरं इथल्या शाळेत रुळली. गावाकडं माझ्या वाट्याच्या रानात दोन बैल शेजारी उभे राहिले तर एकाला भावकीच्या बांधावर जावं लागतं. तेव्हा जीभ कशी आवरावी ते तूच सांग.

कळावे. भाऊ तोंडाळ असला तरी तुझाच आहे, एवढं लक्षात ठेवून लोभ करावा.

तुझा,
गहिनीनाथ

॥ श्री ॥
मिरजगाव, ता. ६ मार्च १९७१

चि. गहिनीनाथ यास आक्काचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. मग तुझ्या दाजींनी ते मागून घेतलं, त्यांना नुसतंच हसू आलं.

अरे, गिऱ्हाईक बोलायचंच. मीही गिऱ्हाईकच आहे की. परवा कर्जतला पातेली घ्यायला गेले तर दुकानातल्या नोकराला म्हटलं की हे पातेलं ठोकून केलंय का चावून? तो बिचारा गालात हसला आणि दुसरं काढलं. नोकर असा असावा. आपल्या घराण्याची जीभच वाईट, तिला काहीतरी काम द्यायला पाहिजे. तू दाढेखाली लवंग धर. उत्तर ओठावर आलं की लवंग चावायची. तोंड पोळलं की शब्द आपोआप मागं जातो. मी सासूबाईंपुढं सात वर्षं अशीच काढली.

आता आनंदाची बातमी. चांगुणेचं घोडेगावला जमलं. मुलगा गोरक्ष साखर कारखान्यात फिटर आहे, शांत आहे. घरात चालतं ते त्याच्या आत्याचं, बनुबाईंचं. त्यांच्या घरात जनावरांचा व्यापार, बाई स्वतः बाजारात उभी राहून बैल पारखते. सुपारी फुटली तेव्हा बनुबाईंनी विचारलं की मुलीचा मामा काय करतो? मी म्हटलं की नगरला कापडबाजारात असतो. त्यांनी विचारलं की दुकान घरचं का? मी मान हलवली. तोंडानं खोटं बोलले नाही, फक्त मान हलली.

पण नशीब बघ. दोन्हीकडच्यांनी मिळून बस्ता बांधायचा ठरला, तो नगरलाच, आणि त्यांच्या घरचा बस्ता म्हणे वर्षानुवर्षं राधाकृष्णशेठकडेच होतो! मामाचं दुकान ठोक मालाचं आहे आणि मामा त्या वेळी इचलकरंजीला गेलेला असेल, असं सांगून मी वेळ निभावली. तेव्हा १५ एप्रिलला रजा काढ. रजा नाहीच मिळाली तर ओळख दाखवू नकोस, मीही दाखवणार नाही. लग्न लागलं की सगळं सांगू. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.

कळावे. लोभ आहे म्हणून तर एवढं बोलते.

तुझी आक्का

नगर, ता. २९ मार्च १९७१

ती. स्व. आक्कास गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

पाडव्याला तुझी आठवण काढून पुरणपोळी खाल्ली. चांगुणेचं जमलं म्हणून साळूनं गल्लीत साखर वाटली.

रजा मिळत नाही. ऐन लग्नसराईत रजा मागितली तर शेठनी माझ्याकडं असं पाहिलं की मीच विषय बदलला. तेव्हा बस्ता मीच दाखवणार. लवंगा पावशेर आणल्या आहेत, दाणे चघळावेत तशा चघळतो. वाणी विचारत होता की घरात मसाल्याचं काही कार्य आहे का.

तू म्हणतेस तसं करीन. तू गिऱ्हाईक, मी नोकर. पण आक्का, एक विचारू? तुला माझी लाज वाटते का? कार्डावर जागा संपली, म्हणून उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

कळावे. लोभ सध्या मनातल्या मनात असू दे.

गहिनीनाथ

मिरजगाव, ता. १८ एप्रिल १९७१

चि. गहिनीनाथ यास आसारामचे आशीर्वाद.

गाडीवरून पडून पाय प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे मला बस्त्याला येता आलं नाही, हे तुला ठाऊक आहेच. तुझी आक्का नगरहून आल्यापासून दोन दिवस बोललेली नाही. विचारलं तर नुसती चुलीकडं बघते. वीस वर्षांत असं या घरात झालेलं नाही. लग्न मोडलं असेल तर तसं कळव. मोडलं नसेल तर उत्तराची घाई नाही, घर फार शांत आहे.

कळावे. मेव्हण्याशी होता तसाच लोभ ठेव.

आसाराम

॥ श्री ॥
नगर, ता. २१ एप्रिल १९७१

ती. स्व. आसारामदाजींच्या सेवेशी गहिनीनाथचा सा. न. वि. वि.

लग्न शाबूत आहे, ही गोष्ट आधी लिहितो. बाकीचं सावकाश वाचा. आक्का दोन दिवस गप्प आहे हे वाचून साळूनं कार्ड उलटून पाहिलं, अक्षर खरंच आपलं आहे ना म्हणून.

दोन्हीकडची मिळून बावीस माणसं आली. घोडेगावची टेम्पोनं, आपली एसटीनं, ती आक्कानं वाटेतच पढवलेली. मी दाढेत लवंग धरून गादीवर बसलो होतो. आक्का वर चढली, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली की अरे ए, आधी पाणी आण. मी आणलं. इथपर्यंत ठरल्याप्रमाणे चाललं होतं.

मग बनुबाई सुरू झाल्या. पहिलं लुगडं पाहून म्हणाल्या की ह्ये लुगडं हाय का बारदान? दुसरं पाहून म्हणाल्या की ह्यो रंग न्हाई, कावीळ हाय. तिसऱ्याकडं पाहिलंच नाही. थोड्या वेळानं माझ्या ध्यानात आलं की घोडेगावच्या बाजारात जो बैल घ्यायचा असतो त्याच्याच दाताला, खुराला नावं ठेवतात. नको असलेल्या बैलाला कोण कशाला बोलेल? मग ज्या कापडाला बाईंनी जास्त शिव्या दिल्या ते मी गुपचूप उजवीकडं ठेवत गेलो. बस्ता झरझर उरकत होता.

पण माझं गप्प बसणंच अंगाशी आलं. बाईंनी एकदम शेठना हाक मारली आणि म्हणाल्या की ह्यो मानूस मुका हाय का? मी एवढी बोलती आन ह्यो भिंतीवानी बसलाय. आमी काय इतकी हलकी मानसं हाय व्हय, की ह्याला तोंड उघडावं वाटंना? शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाले की अरे, बोल की काहीतरी! दाजी, बोलू नको म्हणून ज्यांनी तंबी दिली, तेच बोल म्हणायला लागले. मी लवंग गिळली आणि होय बाई, नाही बाई एवढ्यावर राहिलो.

खरी गंमत आक्कानं केली. बनुबाईंनी एक शब्द टाकला की मुलीकडच्यांनाही कापडातलं कळतं हे दाखवायला आक्का दीड टाकायची. बनुबाई मला सुस्त म्हणाल्या, तर आक्का म्हणाली की असल्या नोकरांना दुपारची झोप लागते. बनुबाई म्हणाल्या की ह्याचं हात चालत न्हाईत, तर आक्का म्हणाली की फुकटचा पगार खायची सवय, दुसरं काय. दोघी एकमेकींना ऐकवत होत्या आणि बोलणी मला बसत होती. लेकी बोले सुने लागे म्हणतात, तसा मी बावीस माणसांची एकटी लेक झालो होतो.

शेवटी विहीणबाईंचं लुगडं निघालं. तो मान मुलाकडच्यांचा, पण रंग आक्कानं पसंत करायचा. दाजी, आदल्या दिवशी मी गोडाऊनमध्ये बसून एक डाळिंबी इरकल तिच्यासाठी बाजूला काढलं होतं. आई नेसायची तसला रंग. ते मी तिच्यापुढं उलगडलं. आक्का रंगात आली होती. तिनं ते बघितलं न बघितलं, गादीवर टाकलं आणि म्हणाली की असलं लुगडं स्वतःच्या बहिणीला नेसवशील का रे?

मी म्हणालो, तुलाच तर नेसवतोय, आक्का.

शपथेवर सांगतो, मला बोलायचं नव्हतं. चहावाला पोचला होता तो कपबश्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. बनुबाईंनी एकदा माझ्याकडं, एकदा आक्काकडं पाहिलं. आमचं नाक सारखं आहे हे तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं असावं. मीच सांगून टाकलं की मी मुलीचा मामा, दुकान शेठचं, मी इथं नोकर. आता बाई सोयरीक मोडून उठणार म्हणून मी डोळे मिटले.

बाई भडकल्या खऱ्या, पण भलत्याच कारणानं. आक्काला म्हणाल्या की विहिनबाई, मी तीन तास नवरीच्या मामाला बोलती आन तुमी मला अडीवलं न्हाई? आता मांडवात ह्यांच्यापुढं कोन्त्या तोंडानं उभी ऱ्हाऊ? आन नोकर हाय तर हाय, त्यात झाकायचं काय हुतं? आमी काय दुकान बघून पोरगी मागितली हुती? मग मामाच्या मानाचा फेटा आत्ताच्या आत्ता दाखवा म्हणाल्या. दाखवणारा मीच. माझ्याच मानाचा फेटा मी उलगडला आणि बाई म्हणाल्या की ह्यो फेटा हाय का पोतेऱ्याचं फडकं? तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

संध्याकाळी मी शेठपुढं जाऊन उभा राहिलो. शेठ म्हणाले की बहिणीशी बोललास ते गिऱ्हाइकाशी बोलल्यात धरत नाही. उद्या वेळेवर ये.

आक्का मात्र ते इरकल मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हापासून बोलली नाही. मी स्टँडवर पोचवायला गेलो. तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझी बोटं धरली ती गाडी हलेपर्यंत. मला तिचा राग नाही, असं तिला सांगा.

कळावे. पायाला जपावे आणि शांतता आहे तोवर विश्रांती घ्यावी.

आपला,
गहिनीनाथ

॥ श्री ॥
मिरजगाव, ता. २६ एप्रिल १९७१

चि. गहिनीनाथ यास आक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझ्या दाजींना लिहिलेलं पत्र मी तीनदा वाचलं. काल बोलायला लागले, तेव्हा तुझ्या दाजींचा चेहरा उतरला. ते असो.

तू कार्डावर विचारलं होतंस की तुझी लाज वाटते का. हो, वाटली. पोरगी मोठ्या घरात जातेय, तर आपलंही काहीतरी मोठं दिसावं असं वाटलं, आणि मोठं दाखवायला माझ्याजवळ तुझ्याशिवाय काय होतं? तीन तास तू गुडघ्यांवर होतास, गहिनी. मी पाणी आण म्हटलं, तू आणलंस, मी प्यायले. तू सकाळपासून काही खाल्लंस का, हे माझ्या तोंडून आलं नाही. दुकानातल्या माणसाला ते कोणी विचारत नाही. मीही जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. कर्जतचा तो पातेलीवाला इतके दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. तोही कोणाचा तरी भाऊ असेल. चुकले मी. लहान भावाला असं लिहायची रीत नाही, पण लिहिते.

कालच छापखान्याचा माणूस लग्नपत्रिकेचा कच्चा कागद घेऊन आला होता. एका काकांच्या नावाखाली तलाठी, दुसऱ्यांच्या सोसायटीचे चेअरमन, तसं तुझ्या नावाखाली मी लिहून दिलं होतं की कापड दुकान, नगर, येथे नोकरीस. तो म्हणाला की बाई, नोकरीस हा शब्द बरा दिसत नाही, नुसतं कापड दुकान ठेवू. मी फाडकन म्हणाले की तुला छापायला ठेवलाय का अक्कल शिकवायला? बोलून गेले आणि मलाच कसंतरी झालं. त्याला ओसरीवर बसवलं आणि जेवलास का विचारलं. जेवला नव्हता. पिठलं-भाकरी वाढली.

हात धुतल्यावर तो म्हणाला की शब्द ठेवतो, पण तुम्ही सांगता तेवढ्या ठळक टाइपात घातलं तर मामाचं नाव नवरीच्या वडिलांच्या नावापेक्षा मोठं दिसेल. तुझे दाजी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले की दिसू द्या.

कळावे. लग्नाला दोन दिवस आधी ये, चांगुणेला बोहल्यावर तुलाच न्यायचं आहे.

तुझी आक्का