दगडावरचा बाण

बाबा,

काल तुमच्या बाणाने माझ्या सुनेला दरीच्या तोंडाशी नेऊन ठेवलं. ती सुखरूप आहे. आत्ता शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलतेय, दोन्ही तळहातांना पट्ट्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण गोष्ट लांबवलेली तुम्हाला खपायची नाही. तिचा आवाज मला इथवर ऐकू येतोय. माझ्याशी मात्र कालपासून कामापुरतंच बोलते, आणि तिला बोल लावायला मला तोंड नाही.

तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचा नवरा माझ्या पोटातसुद्धा नव्हता. पोरगी अमरावतीकडची, हडपसरला आयटीत आहे, लग्नाला वर्ष होत आलंय. मुलगा कंपनीच्या कामासाठी परदेशी, त्यामुळे कर्वेनगरच्या या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच असतो आणि एकमेकींशी पाहुण्यांसारख्या वागतो. 'तुम्ही घ्या ना', 'नको, तू घे', असलं. गेल्या आठवड्यात तीच म्हणाली, "आई, एखादा सोपा ट्रेक सांगा ना, बसून बसून पोट सुटतंय." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, सोपा? अगं, माझ्या बाबांची वाट आहे ना, ताम्हिणीच्या जंगलात! पोरंबाळं, शेजारच्या काकू गोल साड्या नेसून गेल्यात तिथे. जागोजागी बाण काढलेत बाबांनी. डोळे मिटून जावं.

त्या बाणांची तयारी मला जशीच्या तशी दिसते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तुम्ही तुपाच्या रिकाम्या डब्यात पांढरा ऑइलपेंट ढवळताय, आई घाईघाईने पोह्यांवर ताट झाकतेय. "अहो, टर्पेंटाइनचा वास लागेल." आणि तुम्ही मान वर न करता म्हणता, "लागू दे. तुझ्या पोह्यांना कुठलातरी वास येईल." आम्ही भावंडं खिदळतो. मग पहाटेची एसटी, तुमच्यामागे सगळी वरात, आणि तुम्ही उकिडवे बसून कातळावर बाण काढताय, एकेक असा रेखीव की शाळेतल्या फळ्यावर शोभावा. देवराई ओलांडली की वाट दुभंगते. डावीकडची पाण्याच्या टाक्यापाशी जाते आणि तिथून गावात उतरते, उजवीकडची थोडी पुढे जाऊन दरीवर संपते. त्या जागी कातळ नाही, नुसता मुरूम. तुम्ही पाटाएवढा चपटा दगड ओढत आणला, मधोमध मांडला आणि त्यावर बाण काढला. आई म्हणाली, "अहो, उद्या दगड हलला म्हणजे?" तुम्ही म्हणालात, "त्याला काय पाय फुटणारेत?" सगळे हसले. सर्वांत मोठ्यांदा मी. आईने पदराने तोंड पुसलं आणि पोह्यांचा डबा उघडला.

तुम्ही गेल्यावर दर दिवाळीनंतर मी जाऊन त्याच बाणांवरून ब्रश फिरवून येत असे. गुडघ्यामुळे गेली दोन वर्षं जमलं नव्हतं. काल देवराईपर्यंत चढले आणि गुडघ्याने साफ नाही म्हटलं. सून म्हणाली, "तुम्ही बसा आई, मी टाकं बघून येते." मी म्हटलं, जा, बाण आहेत. तिने डोळे मिटून चालण्याची नक्कल केली, हसली, आणि झाडीत दिसेनाशी झाली.

बराच वेळ झाला तरी पोरीचा पत्ता नाही. फोनला रेंज नाही. उठले, खुरडत दुभागणीपर्यंत गेले. बाण उजवीकडे दाखवत होता. आता ऐका बाबा, मला ती वाट पाठ आहे. टाकं डावीकडे आहे, झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आणि तरी मी तिथे उभी राहून काय म्हटलं असेल? म्हटलं, माझंच काहीतरी चुकतंय. वय झालं, दिशा कळत नाहीत. बाबांचा बाण आहे म्हणजे टाकं तिकडेच असणार, बसली असेल फोटो काढत. मी शेजारच्या झाडाखाली टेकले. थर्मासमधला चहा ओतून घेतला. दोन घोट प्यायले असेन, तेवढ्यात लांबून हाक आल्यासारखं वाटलं. म्हटलं, कुणी गुराखी गुरं हाकारत असेल. असं म्हणून मी तिसरा घोट घेतला, बाबा.

दुसऱ्या हाकेत 'आई' ऐकू आलं. कप तिथेच टाकला. दगड ओलांडताना पाहिलं तर त्याची एक बाजू काजळीने काळी, बाजूला राख, कोंबडीची हाडं, कागदी ताटल्या. कुणीतरी तुमच्या दगडाची चूल मांडली होती आणि जेवून झाल्यावर तो नीट परत ठेवला होता. नीट, म्हणजे त्यांना वाटला तसा. त्या क्षणी माझं डोकं ताळ्यावर आलं. गुडघा होता की नव्हता मला आठवत नाही. "अगं ए! कुठेयस?" करत पळत सुटले. मुलाला फोनवर काय सांगू, हे एकच डोक्यात घुमत होतं. तुझी बायको माझ्या शब्दावर गेली रे.

वाट संपते तिथून खाली वाळका पाचोळा. त्यावरून ती घसरली होती आणि पुरुषभर खाली कारवीच्या झुडपांचे दांडे दोन्ही मुठींत धरून पालथी पडली होती. तिच्या पायाखाली काय होतं ते मी एकदाच बघितलं. "आई, पुढे येऊ नका तुम्ही!" ती ओरडली. "माहा पाय सरकून राह्यला. कारवी उपटून राह्यली, आई!" एरवी पुण्यात आल्यापासून तोलून-मापून बोलणारी पोर. मी माझी ओढणी एका झाडाच्या बुंध्याला गच्च बांधली, पोटावर आडवी झाले आणि दुसरं टोक तिच्याकडे सोडलं. गोड बोलून पाहिलं, "घाबरू नकोस राणी", तर ती रडायलाच लागली. मग माझं टाळकं सरकलं. "रडायला घरी वेळ आहे. डावा पाय. तो नाही, डावा! लिफ्ट बंद पडली की चार मजले धावत चढतेस ना? मग चढ!" तिला राग आला. तिने दात-ओठ खाऊन ओढणी धरली, एकेक पाय रोवत आली, आणि मी तिच्या दंडाला धरून तिला वर खेचलं. दोघी तशाच मातीत पडून होतो. तिचं काळीज इतकं धडधडत होतं की मला माझ्या छातीवर कळत होतं.

इथवर सगळं ठीक. यापुढचं सांगायला बसलेय. हातांचं रक्त बघत ती म्हणाली, "तुमच्या बाबांचं चुकलं ना आई. सुट्या दगडावर कशाला काढायचा बाण? दगड तर कोणीही उचलते." आणि मी त्या रक्ताळलेल्या पोरीवर खेकसले. "माझ्या बाबांचं नाव काढायचं काम नाही. लोकांनी दगड हलवला, त्याला ते काय करणार?" ती उठली, बुंध्याची ओढणी सोडून माझ्या हातात दिली. मग म्हणाली, "बरं." आणि अख्खी परतीची वाट माझ्यापुढे चालत राहिली.

रात्री मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मी ओट्यापाशी जीव मुठीत धरून उभी. ही हात कॅमेऱ्याखाली ठेवून त्याला सांगते, "मस्त होतं रे. एकदम सोपं. आईंनी छान दाखवलं सगळं." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. फोन ठेवल्यावर तिच्यासमोर गेले, म्हणणार होते ते अगदी ओठांवर होतं, आणि तोंडातून काय निघालं? "खिचडी टाकू का?" ती म्हणाली, "नको, भूक नाही."

आईने तेव्हाच सांगितलं होतं, बाबा. आईला कळलं होतं, या पोरीला कळलं, आणि मी उभ्या आयुष्यात तुम्हाला एकदाही उलट बोलले नाही, म्हणून काल माझ्या स्वतःच्या पायाखालच्या वाटेवर माझा विश्वास बसेना. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच. तिच्याशी जे बोलायचंय, ते आधी तुमच्याशी बोलून बघावं, म्हणजे जीभ वळेल, एवढ्यासाठी हा खटाटोप. तिची मीटिंग संपत आलीय, निरोपाचं बोलणं ऐकू येतंय. तेव्हा आता लिहिते.

बाबा, तुमचं चुकलं.

लिहिलं बाई एकदाचं. पण साठीची बाई मी, हे लिहायच्या आधी उठून खोलीचं दार आतून लावून आले.