‘महापूर’ला किती गुण

मंगळवार, संध्याकाळ

खूप थकलोय. मोबाइलवरच्या पत्त्यांच्या खेळात आज ‘महापूर’ नावाचा नवा पत्ता आला. आमच्या ग्रुपवर नव्या पत्त्याला दहापैकी गुण मीच देतो. हा टाकला की समोरच्याने मांडलेले सगळे पत्ते उचलले जाऊन त्याच्या हातात परत जातात. मी तीन गुण लिहिले. त्याचं काहीच जात नाही, मग उपयोग काय?

बाबा अंगणात बसले होते, भिंतीला टेकवलेल्या त्या चौकटीपाशी. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा दाराची ही चौकट त्यांनी बैलबंडीवर घालून आणली. पुनर्वसनाच्या या घरात ती कुठेच बसली नाही.

"काय पाहून राहिला?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"पत्ते सगळे वापस भेटतात ना?"

"हो."

"अन् मांडाचे पुन्हा पहिल्यापासून?"

"हो. तेवढंच."

"तेवढंच," बाबा म्हणाले, आणि चौकटीवरची धूळ पुसायला लागले.

पुन्हा मांडेपर्यंत डाव संपतो, हे मला कसं सुचलं नाही? याच घरात वाढलो ना मी? तीन खोडले. ग्रुपवर सगळे विचारून राहिले, पत्ता कसा आहे. काय सांगू? चौकट अजून भिंतीलाच टेकली आहे.