रकाना नसलेला अर्ज

आई, खडवलीहून येणारी एक मुलगी आता कॉलेजात येत नाही, आणि ते माझ्यामुळे आहे. कल्याणच्या ज्या कॉलेजात मी शिष्यवृत्तीच्या खिडकीवर बसते, तिथे ती पहिल्या वर्षाला होती. तिच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला नव्हता, त्याजागी आईचं प्रतिज्ञापत्र होतं: पती घर सोडून गेले आहेत, ठावठिकाणा माहीत नाही. पण प्रवेशाच्या दिवशी मी त्या माणसाला पाहिलेलं. बाहेरच्या बाकावर पाय पसरून तो लेकीवर खेकसत होता, "चल, आटप लवकर." मी तिला आत बोलावलं आणि विचारलं, वडील घरीच असतात ना? तिने मान खाली घातली. "असतात मॅडम. पण पगाराचा कागद नाही देत. म्हणतात, मुलींना कशाला शिकायचं." मी म्हटलं, मग खरं तेच लिहायचं. ती म्हणाली, "तसा रकानाच नाहीये ना फॉर्ममध्ये."

आई, तू तर फॉर्म वाचलाही नव्हतास. माझ्या वेळी बाबा एमआयडीसीतल्या कंपनीत होते आणि पगाराचं पत्र मागितलं तेव्हा त्यांनी ताट भिरकावलेलं. त्याच आठवड्यात तू मासळीची टोपली काकीच्या हवाली केलीस आणि मला घेऊन कोपरहून कल्याणच्या तहसील कचेरीत आलीस. जिन्यात थांबून तू मंगळसूत्र काढतेस, पदराच्या गाठीत बांधतेस. माझ्याकडे बघत नाहीस. खिडकीतला माणूस विचारतो, "नवरा कुठे असतो?" तू सांगतेस, "गेला टाकून. कुठं हाय, मना नाय म्हाईत." आवाज जराही हलत नाही. नवरा तेव्हा रात्रपाळी करून घरी झोपलेला होता. संध्याकाळी तू त्याला गरम भाकरी वाढलीस, आणि मी चुलीपाशी येऊन कुजबुजले, आई, तू खोटं बोललीस. तू पीठ मळायची थांबली नाहीस. "खोटं बोलली ती मी. तू नाय. तू शिक." नंतर बाबांना कुणीतरी सांगितलं. तुझा डावा कान तेव्हापासून गेला. मी शिकले, नोकरीला लागले, आणि पहिला पगार व्हायच्या आत तू गेलीस.

हे सगळं मला त्या मुलीसमोर आठवत होतं. तरी मी अर्जावर शेरा मारला, प्रतिज्ञापत्र असत्य, आणि परत पाठवला. नियम तसाच आहे, वरून चौकशी आली असती तर सही माझी होती. पण आमच्याकडे गरजू विद्यार्थ्यांसाठी निधी आहे, त्याला वडिलांचा कागद लागत नाही, वर्गशिक्षकांचं एक पत्र पुरतं. फी हप्त्यांत भरायची सोयही आहे. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. का, ते स्वतःला विचारते तेव्हा एकच उत्तर येतं: तिच्याकडे बघून मला राग आला. तिच्या आईला इतक्या सहज लिहिता आलं म्हणून. कदाचित त्या आईलाही ते सहज गेलं नसेल.

ती पंधरा दिवस आली, मग थांबली. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, ठाण्याला एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात उभी असते, दिवसभर बसायचं नाही असा नियम आहे. मी दोनदा तिचा नंबर लावला. दुसऱ्यांदा फोन वडिलांनी उचलला, आणि मी ठेवून दिला.

काल प्राचार्यांनी गळती झालेल्यांची यादी काढली. तिच्या नावावर बोट ठेवून विचारलं, "हिला आपल्या निधीबद्दल सांगितलेलं ना तुम्ही?"

मी म्हटलं, हो सर, सांगितलेलं.