उजव्या पायाचा अंगठा

वडनेर, ८ सप्टेंबर २०२५

चि. मोहिनीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोन तुझी आई स्पीकरवर टाकते, म्हणून पत्र. मज्जारज्जूच्या दुखापतीवर संशोधन कसं करावं, याचं प्रशिक्षण घ्यायला तू बंगळुरूला गेलीस आणि तिथे दिवसभर उंदरांची चाल बघतेस, असं कळलं. कापसाच्या ट्रॅक्टरवरून पडून दोन वर्षं कमरेखाली लाकूड झालेला बाप घरीच फुकट उपलब्ध होता. शेपूट नसल्यामुळे माझी निवड झाली नसावी.

इकडे वच्छलाबाई, म्हणजे तुझ्या मातोश्री, हिंगणघाटच्या वैदूचं तेल दोन वेळ चोळतात. त्यांच्या मते माझा उजवा अंगठा हलतो. त्यामुळे चाकाची खुर्ची घरात येऊ देत नाहीत. म्हणतात, खुर्ची आली का माणूस उठत नाई. मला पारावर चार माणसांत बसायचं आहे गं. छताकडे बघून विटलो. तू शास्त्रज्ञ, तेव्हा अंगठा हलत नाही असं तिला लिहून कळव.

लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नये.

पडून खाणारा तुझा बाप,
सदाशिव


बंगळुरू, १४ सप्टेंबर

ती. बाबांना सा. न.

शेपटीचा विनोद वर्गात सांगितला, सगळे हसले. मला हसू आलं नाही.

इथे जखमी उंदीर गोल रिंगणात सोडतात आणि दोघं जण त्यांच्या मागच्या पायांना गुण देतात. औषध कुणाला, नुसतं मिठाचं पाणी कुणाला, हे शेवटपर्यंत बंद पाकिटात लपवतात. मला एका उंदराचा लळा लागला. औषध यालाच मिळालं असणार असं धरून मी भरभरून गुण दिले. पाकीट उघडलं तर मिठाचं पाणी. आमचे अनुप सर म्हणाले, लेकराचा पेपर आईने तपासू नये.

म्हणून मी काही लिहून देणार नाही. पोळ्याला आले तेव्हा चादरीखाली अंगठा हलताना मीही पाहिला, आणि खुर्ची नको म्हणणाऱ्यांत मीही आहे. आता माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा नाही. एका बाटलीत वैदूचं तेल भरा, दुसरीत जवसाचं. कोणतं कधी लावलं ते शेजारच्या योगेंद्र मास्तरांना न सांगता त्यांनाच बघू द्या.

आईला नमस्कार. माया आहे तशी राहू द्यावी.

मोहिनी


वडनेर, २९ सप्टेंबर

चि. मोहिनीस आशीर्वाद.

तुझा प्रयोग पार पडला. मास्तर चादर बाजूला सारून आठ दिवस अंगठ्यासमोर भिंग घेऊन बसले. वहीत आठ शून्यं. दोन्ही तेलांचा सामना बरोबरीत सुटला. तुझी आई म्हणाली, परक्या माणसापुढं अंगठा लाजून राह्यला.

मग मला तिच्यापुढे बोलावंच लागलं. अंगठा कधीच हलला नाही, मोहिनी. चादर मी हाताने ओढत होतो. पहिल्यांदा चुकून ओढली गेली, आणि तुझी आई कितीतरी महिन्यांनी हसली. पोळ्याला तुझ्यासाठी मुद्दाम ओढली. तुम्हा दोघींना खूश ठेवण्याच्या नादात माझी खुर्ची मीच दाराबाहेर ठेवली. हे खोटं तुझ्याकडून खोडून घ्यायला बघत होतो, म्हणजे मला कबूल करावं लागलं नसतं. लाज वाटते.

संध्याकाळी तुझी आई जवळ येऊन म्हणाली, काऊन जी, मी काय अंगठ्यासाठी तुमच्यापाशी बसून राह्यली?

आज ती मास्तरांना घेऊन वर्ध्याला खुर्ची आणायला गेली आहे. तू रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

राग ओसरला की लोभ पूर्वीसारखा करावा.

सदाशिव