सेमीचा फॉर्म

अहो,

कुकर होईपर्यंत लिहितेय, दीपू उठायच्या आत. तुम्ही रात्रपाळीहून याल तेव्हा मी कामावर पोचलेली असेन.

सेमीचा फॉर्म टीव्हीवर ठेवलाय, बारापर्यंत शाळेत द्यायचाय. बाई म्हणाल्या, "पोरगी हुशार आहे, पाचवीपासून गणित इंग्रजीतून घेऊ द्या, जादा तासही आहेत." तुम्हालाही तेच हवंय. तरी मी सही केली नाही. रागावू नका.

काल जेवताना ती ताटातल्या वरणात बोटाने भागाकार मांडत होती. माझा दादा अस्साच करायचा. अण्णांनी त्याला आठवीत गणिताच्या वरच्या तुकडीत घातलं, आणि सहामाहीचा निकाल घेऊन तो वणीच्या घरी परत आलाच नाही. एकोणीस वर्षं झाली. आई अजून त्याचं ताट वाढते.

दीपूसाठी साय काढून ठेवलीय. ती खाताना शांतपणे विचारा. नको म्हणाली तर मराठीतूनच शिकू दे. हवंय म्हणाली तर खुशाल सही करा, मी आड येणार नाही.

पण "तुम्ही म्हणाल तसं, पप्पा" असं म्हणाली, तर फॉर्म तसाच राहू द्या. दादा अण्णांना हेच म्हणाला होता.

छाया