समोरच्याचा रकाना

आबा,

वर ‘तीर्थरूप’ लिहायला हवं होतं. शाळेत तसंच शिकवलं होतं आणि त्या शब्दातलं ऱ्हस्व-दीर्घ मी आजही चुकत नाही, पण तो लिहायला हात धजला नाही. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. लढाई संपली, इंग्रज गेले. मी सांगलीत एका छापखान्यात खिळे जुळवतो आणि विश्रामबागेत खोली घेऊन राहतो. आई माझ्याजवळ असते. तुम्हाला सांगायचं आहे ते तुमच्या वहीबद्दल.

ती वही खरं तर माझी होती. चौथीत चांगल्या अक्षराबद्दल मिळालेली, लाल पुठ्ठ्याची. तुम्ही पेन्शन घेऊन कुंडलला आलात त्याच वर्षी ती तुम्ही तुमच्या लढतींसाठी मागून घेतली. गावात दुसऱ्या पलटणींतले इतर होते, पण पलटणीत बॉक्सिंग केलेले तुम्ही एकटेच. गाव त्याला बुक्क्यांची कुस्ती म्हणायचं. रविवारी सकाळी तुम्ही ओट्यावर दाढी करत बसायचात आणि मी पट्टीने रेघा मारून लिहायला घ्यायचो. मी चार रकाने आखले होते: अनुक्रमांक, ठिकाण, समोरचा, निकाल. तिसरा रकाना तुम्हाला आवडला नाही. गालावरचा साबण वस्तऱ्याने काढत तुम्ही म्हणालात, “समोरचा कोन व्हता त्येला काय करायचंय? पडला का न्हाई, तेवढं लिव.” म्हणून सव्वीस ओळींत सव्वीस वेळा ‘विजयी’ आहे आणि तिसरा रकाना जवळजवळ कोरा आहे. जवळजवळ म्हणतो, कारण पाच ठिकाणी बोलता बोलता तुमच्या तोंडून एक शब्द निसटला आणि मी तो पकडून लिहिला. लांगरी. मला वाटलं, आडनाव असेल. पंजाबाकडे लांगरी म्हणून लढवय्यांचं एखादं घराणं असेल आणि त्यातले पाच भाऊ तुम्ही एकेक करून आडवे केले असतील. शाळेत मी पोरांना लांगरी भावांच्या गोष्टी रचून सांगत असे. सगळ्यात धाकटा लांगरी डावखुरा होता, हेसुद्धा मीच ठरवलेलं.

आपल्याकडे कुस्तीत जोड बघतात. दोन गड्यांचे हात धरून त्यांना आखाड्याभोवती फिरवतात, चार जाणती माणसं अंगाचा, वयाचा अंदाज घेतात, आणि जोड जुळत नसेल तर कुणीतरी उठून तसं बोलून दाखवतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. गावच्या जत्रेत कुस्त्या आटोपल्या की तुम्ही मला पलटणीतले ते जड हातमोजे बांधून उभं करायचात. पहिल्या वर्षी मी तेरा वर्षांचा होतो आणि माझ्यासमोर होता तो चक्कीवाल्याचा थोरला, पोत्यांची हमाली करणारा, मिसरूड फुटलेला. तालमीचे वस्ताद उठून म्हणाले, “आवं, ही जोड न्हाई. पोरगं मोडंल.” तुम्ही हसून सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं बोललात, “माझ्या पोराला जोड लागत न्हाई.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मलाही त्या क्षणी अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. मग पहिल्याच फेरीत माझ्या कानात घंटा वाजायला लागली आणि ती तीन दिवस वाजत होती. अशी चार वर्षं गेली. चार जत्रा, चार लढती, दर वेळी समोरचा माझ्याहून मोठा, आणि दर वेळी तो तुम्हीच निवडलेला.

चौथ्या लढतीनंतरची दुपार मला अजून दिसते. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो आहे. पुढचा दात अर्धा तुटला आहे. आई तव्यावरची भाकरी सोडून मला हळद घातलेलं दूध देते आहे आणि मला ते धड पिता येत नाही, हनुवटीवरून ओघळतं. तुम्ही दारात उभे आहात, उंबऱ्याच्या आत येत नाही. “सव्वीस मारल्या म्या,” तुम्ही म्हणता. “तुज्या नावावर एक तरी हाय का?” तव्यावर भाकरी करपते आहे आणि आई ती उलटत नाही. तुम्ही माघारी वळता, वही आणून माझ्या मांडीवर टाकता. “तुज्याबी चार लिव. मागच्या पानावर. लोकास्नी दिसू दे.”

मी लिहिल्या. त्याच चार रकान्यांत. पण मी समोरच्याचा रकाना भरला. नाव, वय, कुणाचा कोण, माझ्यापेक्षा किती मोठा, सगळं. तुम्ही तो वाचला नाहीत. तुम्ही फक्त निकालाचा रकाना बघून वही मिटलीत. पुढच्या वर्षी जत्रेच्या आधीच तुम्ही तापाने गेलात, आणि मी हातमोजे पुन्हा कधी बांधले नाहीत.

यंदा गावकऱ्यांनी ठरवलं की तालमीच्या दारात तुमच्या नावाचा दगड बसवायचा. मजकूर मी द्यायचा, कारण वही माझ्याकडे आणि शुद्ध लिहिणारा मीच. त्यांचं म्हणणं होतं, नुसता आकडा नको, कुणाकुणाला पाडलं त्यातली दोन-चार नावं तरी हवीत. नावं माझ्याकडे नव्हती, फक्त लांगरी होते. म्हणून मी मोटारीने आटपाडीला गेलो, तुमच्याबरोबर पलटणीत असलेल्या त्या धनगर काकांकडे. तुम्ही गेलात तेव्हा समाचाराला आलेले तुमच्या पलटणीतले ते एकटेच. आता मेंढरं मुलाकडे दिली आहेत, बाजरीच्या तुकड्यात राहतात. मी वही उघडून दाखवली आणि विचारलं, हे लांगरी भाऊ कुठले? ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

“आरं गड्या, लांगरी म्हंजी भटारखान्यातला सैपाकी. कुनाचा भाऊ न् कुनाचं काय.”

मग त्यांनी सगळं सांगितलं, त्यात वाईटपणा नव्हता. साहेब लोकांना जेवायच्या आधी झटपट पडणारा गडी बघायला आवडायचं. म्हणून तुमच्यासमोर कधी लांगरी, कधी धोबी, कधी नुकताच भरती झालेला रंगरूट उभा करत. पडला की त्याला दोन दिवस कामाची सुट्टी मिळे, त्यामुळे लांगरी तर हौसेने पडायचे. “म्याबी दोनदा पडलोय तुज्या बापाफुडं,” ते म्हणाले, “एकदा तर हात लागायच्या आदीच.” मग हसू थांबवून त्यांनी वहीकडे बघितलं. त्यांना वाचता येत नाही. “माजं नाव लिवलंय का त्येनं?”

मी ‘हाय’ म्हणालो.

परत निघताना ते मोटारीपर्यंत आले आणि तिथं उभ्या उभ्या त्यांनी मला सत्ताविसावी लढत सांगितली. ती तुम्ही मला कधी सांगितली नव्हती. दुसऱ्या पलटणीचा नावाजलेला गडी, तुमच्याच वजनाचा, खरी जोड. तीन फेऱ्या. दुसऱ्या फेरीत तुमचा डावा डोळा मिटला, तरी तुम्ही खाली गेला नाहीत. निकाल त्याच्या बाजूने लागला. “त्या दिशी मातर तुजा बा लय लढला,” काका म्हणाले. “समदी पलटन उबी ऱ्हायली व्हती.” नंतर तुम्ही भटारखान्याच्या मागे जाऊन रडलात आणि पुन्हा कधी हातमोजे बांधले नाहीत.

आबा, मोटारीत मी वही मांडीवर धरून बसलो होतो आणि माझा राग मावळत नव्हता. पडायला तयार असलेली माणसं पाडून तुम्ही घरी आलात, आणि जे मला पाडणारच होते ते हुडकून माझ्यासमोर उभे केलेत. जोड काय असते हे तुम्हाला एका लढतीत पुरतं कळलं होतं, डोळा मिटेपर्यंत कळलं होतं, म्हणून मला तुम्हाला अजाण म्हणून सोडून देता येत नाही. ती एक लढत तुम्ही मला त्या दुपारी उंबऱ्यावरून सांगितली असती, तर माझा अर्धा दात मी जन्मभर मिरवला असता. तुम्ही मला सव्वीस सांगितल्या. मी आजही हसताना तोंडावर हात धरतो. छापखान्यातले लोक विचारतात, दात कशाने तुटला. मी सांगतो, पडलो होतो.

परवा पाथरवटाने दगडावर गेरूने मजकूर आखला आणि छिन्नी लावण्याआधी तपासायला मला बोलावलं. नावं मी दिली नाहीत, काकांना आठवत नाहीत म्हणून सांगितलं. नुसतं ‘सव्वीस लढतींत अजिंक्य’ एवढंच होतं. गावची चार-सहा माणसं भोवती उभी होती, वस्तादही होते, आता काठी टेकत चालतात. बोलायचं असतं तर तेव्हाच बोलायचं होतं. पाथरवटाने ‘जि’ची वेलांटी दीर्घ काढली होती. मी ओल्या फडक्याने ती पुसली आणि ऱ्हस्व करून दिली. बाकी सगळं बरोबर आहे, असं म्हणालो. वस्ताद माझ्या तोंडाकडे बघत होते.

हा कागद वहीतच ठेवणार आहे, आईच्या हाती लागू नये म्हणून अगदी मधल्या पानात. आटपाडीच्या काकांचं नाव मी तिसऱ्या रकान्यात दोनदा लिहून टाकलं, म्हणजे तेवढं तरी खोटं राहिलं नाही. सत्ताविसाव्या ओळीसाठी रेघा मारून ठेवल्या आहेत. तुमच्यासमोर होता त्याचं नाव काकांनी मला सांगितलं आहे, पण ते परमुलखातलं, नीट कसं लिहायचं याची खात्री नाही, म्हणून ओळ भरायची राहिली, असं मी मनाशी म्हणतो. ते खरं नाही. नाव मला अचूक लिहिता येतं. चौथ्या रकान्यात ‘पराभूत’ लिहिताना दर वेळी मीच थांबतो.