आपणच आपले जामीन

प्रिय वेल्डरसाहेब,

आधी नीट बस आणि मग वाच. सरकारी इस्पितळाच्या, आग लागली तर उतरायच्या लोखंडी जिन्यांचं काम आपल्या वर्कशॉपला मिळालं! पाच मजले, दोन जिने. तिथल्या साहेबांसमोर मी चेहरा अगदी गंभीर ठेवला आणि बाहेर येऊन स्कूटरला किल्ली न लावताच किका मारत बसले. वॉचमनने सांगितलं तेव्हा कळलं.

पण लगेच माशी शिंकली. आपण काम अर्धवट सोडलं तर नुकसान भरून देईल अशी जामीनदार कंपनी हवी म्हणे. कंपन्यांचे उंबरे झिजवले. कुणाला वर्कशॉप लहान वाटलं, कुणाला जुनी मोठी कामं दाखवायला हवी होती. एका गृहस्थांनी तर घरात कर्ता पुरुष कोण, असं विचारलं. आहेत एक, लांबच्या गोदीत जहाजांच्या पोटात शिरून सांधे जोडतात, असं मी सांगितलं. ते हसलेसुद्धा नाहीत.

मी तणतणत त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि टेंडरच्या अटी पहिल्यापासून वाचायला घेतल्या. आणि सापडलं की रे! कंपनीचा जामीन नसेल तर आपले स्वतःचे सरकारी रोखे तारण ठेवले तरी चालतात. तोवर व्याज आपल्याच खात्यात येणार आणि काम पुरं झालं की रोखे परत. कुणाच्या हातापाया पडायला नको! मी इतक्या मोठ्यांदा हसले की ते गृहस्थ बाहेर डोकावले.

घरासाठी तुझ्या ओव्हरटाइममधून घेतलेले तेच रोखे, हो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? जिने रखडले तर घर हातचं गेलं. तुझ्या आईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. एवढंच म्हणाल्या, की नुसत्या भिंती घेऊन आपण दोघींनी काय करायचं?

रोखे दोघांच्या नावावर आहेत, तेव्हा तुझी सही लागेल. कागद सोबत आहे, टपालाने धाडलास तरी चालतो. तुला पटलं नाही तर तसं कळव, मी काम सोडून देईन. पण पटलं तर टपालाने धाडू नकोस. घर झालं की परत येईन, असं म्हणून तू गेलास. आता घर वर्षभर तरी होत नाही, मग तिथे कशाला थांबायचं? वेल्डर मला इथेही मिळतील रे. मला तू हवा आहेस. सही इथे येऊन कर.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच मालकीणबाई